नुसतं चालणं पुरत नाही: प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारांत आणि नंतर व्यायाम कसा करायचा

प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झालं की व्यायामाबद्दल दोनच गोष्टी कानावर पडतात. घरचे म्हणतात, "आता जरा आराम करा." डॉक्टर पुढच्या पेशंटची फाइल उघडता उघडता म्हणतात, "चालत राहा." पहिला सल्ला मायेपोटी असतो आणि बहुतेक वेळा चुकतो. दुसरा बरोबर आहे, पण अर्धाच. चालण्याने दम टिकतो, झोप सुधारते, थकवा कमी होतो. पण या आजाराच्या उपचारांत जास्तीत जास्त झीज होते ती स्नायूंची आणि हाडांची. त्यांच्यावर भार पडावा लागतो आणि तो थोडा थोडा वाढत जावा लागतो. सपाट रस्त्यावरच्या रोजच्या फेरीतून तो मिळत नाही.

ज्यांनी आयुष्यात कधी जिमची पायरी चढलेली नाही, वय साठीच्या पुढे गेलंय आणि ज्यांच्यावर उपचार सुरू आहेत किंवा होणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. घरच्यांनीही वाचावं, कारण खुर्चीतून उठायला निघालेल्या माणसाला "बसा, मी आणून देते" असं म्हणून थांबवणारी मंडळी तीच असतात.

आधी डॉक्टरांकडून काय विचारून घ्यायचं

"व्यायाम केला तर चालेल का?" असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच मिळतं. त्याऐवजी हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. आजार हाडांत पसरलाय का? पसरला असेल तर नेमक्या कुठल्या हाडांत? सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, कारण कुठला व्यायाम टाळायचा हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

२. माझ्या हाडांची घनता किती आहे? डेक्सा स्कॅन, म्हणजे ती घनता मोजणारी तपासणी, झालाय का? हॉर्मोनचे उपचार, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन कमी करणारे, सुरू होणार असतील तर हा प्रश्न आग्रहाने विचारा.

३. हृदयाची तपासणी करून घ्यायला हवी का? छातीत दुखणं, जुना हार्ट अटॅक, थोड्या श्रमाने धाप लागणं यातलं काही असेल तर ते आपणहून सांगा.

४. माझं हिमोग्लोबिन किती आहे?

५. मी घेतोय त्यातल्या कुठल्या गोळ्यांचा बीपी, साखर किंवा नाडीवर परिणाम होतो? बीटा ब्लॉकर (बीपी किंवा हृदयासाठीची एक प्रकारची गोळी) चालू असेल तर नाडी मोजून व्यायामाचा जोर ठरवण्यात अर्थ नसतो, कारण त्या गोळीमुळे ठोके एरवीइतके वाढत नाहीत. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर एकदम खाली जाऊ शकते.

कॅन्सरच्या रुग्णांसोबत काम केलेला फिजिओथेरपिस्ट मिळाला तर निदान पहिल्या दोन-तीन भेटी त्याच्याकडे करा. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य मार्गदर्शन संस्थेची शिफारस तर याहून स्पष्ट आहे: हॉर्मोन उपचार सुरू होणाऱ्या पुरुषांना आठवड्यातून किमान दोनदा, १२ आठवडे, देखरेखीखाली ताकदीचा आणि दमाचा व्यायाम द्यावा. म्हणजे व्यायाम हा हौशीचा भाग न राहता उपचारांचाच भाग धरलेला आहे. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

आज आपण कुठे आहोत

सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा.

हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. ६५ ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमलं तर पायांतली ताकद कमी आहे आणि पडण्याचा धोका वाढलाय असं समजतात. दुसरी गोष्ट, ओट्याजवळ किंवा टेबलाजवळ उभं राहून एका पायावर किती सेकंद तोल राहतो. तिसरी, सहा मिनिटांत न धावता किती अंतर चालता येतं. दर सहा आठवड्यांनी हेच पुन्हा मोजा. वजनकाट्यावर भिस्त ठेवू नका: हॉर्मोनच्या उपचारांत स्नायू घटतात, चरबी वाढते आणि काटा मात्र "सगळं तसंच आहे" असं सांगत राहतो.

जोर किती लावायचा याची सोपी खूण अशी: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाता येत असेल तर वेग वाढवा, वाक्य पुरं करताना दोनदा श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करा.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू: ऑपरेशनच्या आधीपासून

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. ती काढली की लघवी रोखून धरण्याच्या यंत्रणेचा एक भाग जातो आणि उरलेलं काम ओटीपोटाच्या तळाशी पसरलेल्या स्नायूंवर येतं. या स्नायूंच्या व्यायामाला केगल म्हणतात. अमेरिकी डॉक्टर आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी मांडला होता, त्यामुळे बरेच पुरुष आजही "तो बायकांचा व्यायाम" म्हणून नाक मुरडतात. मुरडू नका. ऑपरेशनची तारीख मिळाली की त्याच दिवसापासून सुरू करा. टाके आणि लघवीची पिशवी असताना नवीन स्नायू ओळखायला शिकणं फार अवघड जातं.

नेमकं करायचं काय? गुडघे वाकवून पाठीवर पडा किंवा खुर्चीत सैल बसा. लघवी मध्येच थांबवायची आहे अशी कल्पना करा आणि लिंग मुळापासून आत ओढलं जातंय, वृषण किंचित वर उचलले जातायत अशी हालचाल करा. बरोबर जमलं तर आरशात लिंगाच्या मुळाशी हलकी आत जाणारी हालचाल दिसते. नितंब आवळले गेले, मांड्या एकमेकींना चिकटल्या, पोट टणक झालं किंवा श्वास अडकला, तर भलताच स्नायू काम करतोय. अनेक जण फक्त गुदद्वार आवळतात. त्याने मागची बाजू घट्ट होते, लघवी रोखायला लागणारी पुढची बाजू तशीच राहते.

पकडून धरा, मोजत राहा, सोडा. सुरुवातीला तीन सेकंदही जमणार नाहीत. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. असे दहा दीर्घ आणि मग दहा झटपट, दिवसातून तीन वेळा. प्रत्येक वेळी पूर्ण सैल सोडणं हाही व्यायामाचाच भाग आहे. झोपून जमलं की बसून आणि मग उभं राहून करा, कारण गळती होते ती उभं असताना. लघवी करताना प्रत्यक्ष धार थांबवून सराव करायची सवय मात्र लावून घेऊ नका. त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आत असेपर्यंत हा व्यायाम बंद. नळी निघाली आणि डॉक्टरांनी होकार दिला की पुन्हा सुरू.

मग खरी कसोटी येते ती खुर्चीतून उठताना. उठण्याच्या आधी, खोकण्याच्या आधी, सामानाची पिशवी उचलण्याच्या आधी तो स्नायू आवळायचा, हालचाल पूर्ण करायची आणि मग सोडायचा. पहिले काही आठवडे हे आठवून आठवून करावं लागतं. पुढे ते आपोआप व्हायला लागतं. सकाळी कोरडं आणि संध्याकाळी ओलं असा प्रकार झाला तर घाबरू नका, दिवसभर राबलेला स्नायू थकलेला असतो. अशा वेळी संध्याकाळी आणखी जोर काढण्यापेक्षा थोडं टेकावं. गळती बहुतेकांची काही महिन्यांत कमी होत जाते, काहींना वर्ष लागतं.

ऑपरेशननंतरचे आठवडे

चालणं सुरू होतं ते बहुधा ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी. नर्स उठवायला येते तेव्हा अंग नको म्हणत असतं, पण पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका याच दिवसांत असतो आणि हालचाल हा त्यावरचा मोठा उपाय आहे. उठताना सरळ पुढे जोर काढू नका. कुशीवर वळा, पाय खाटेखाली सोडा आणि हाताने रेटा देऊन बसा. पोटावर ताण येत नाही. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर धरा. कॉरिडॉरची एक फेरी झाली तरी पुष्कळ. खाटेवर असताना दर तासाला पावलं वर-खाली हलवत राहा.

घरी आल्यावर दिवसातून चार-पाच छोट्या फेऱ्या, एक मोठी नको. कॅथेटर साधारण एक ते दोन आठवडे असतं. त्या काळात जास्त चालल्यावर पिशवीत लघवी गुलाबीसर दिसू शकते. पाणी प्या, विश्रांती घ्या, बहुतेकदा ती निवळते. रक्ताच्या गाठी दिसल्या, रंग गडद लाल झाला किंवा लघवी पिशवीत यायचीच थांबली तर वाट न पाहता हॉस्पिटलला फोन करा.

पहिले चार ते सहा आठवडे ४-५ किलोपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही. भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, नातवंड, सगळं यात आलं. दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या मदतीने ऑपरेशन झालं असेल तर बाहेरून भोकं छोटीच दिसतात आणि माणूस दहाव्या दिवशी स्वतःला बरा समजतो. आतले टाके मात्र तितकेच ताजे असतात. या ऑपरेशननंतर जांघेत हर्निया होण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून कुंथणंही टाळायचं. बद्धकोष्ठता असेल तर औषध मागून घ्या.

सायकल निदान सहा ते आठ आठवडे नको, आणि नंतरही सर्जनना विचारूनच. मूत्राशय आणि मूत्रमार्ग जिथे जोडलेले असतात, सीटचा दाब नेमका त्या जागेवर येतो.

सहा आठवड्यांनंतर ताकदीचे व्यायाम हलक्या वजनाने सुरू करता येतात. लसिकाग्रंथीही काढल्या असतील तर पाय किंवा जांघ सुजते का याकडे लक्ष ठेवा. एका पोटरीला अचानक सूज आणि दुखणं, छातीत कळ किंवा एकाएकी धाप, यातलं काही झालं तर ताबडतोब इमर्जन्सी गाठा.

रेडिएशन चालू असताना

बाहेरून दिलं जाणारं रेडिएशन कधी पाच बैठकांत संपतं, कधी चार आठवड्यांत २०, तर कधी सात-आठ आठवडे चालतं. पहिला आठवडा निवांत जातो. थकवा हळूहळू साचत जातो, शेवटाकडे सर्वांत जास्त जाणवतो आणि नंतरही काही आठवडे रेंगाळतो. म्हणून व्यायामाची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. थकवा आल्यावर नवी सवय लागत नाही, लागलेली मात्र टिकते.

रेडिएशनला बऱ्याच ठिकाणी मूत्राशय भरलेलं आणि आतडं रिकामं ठेवून बोलावतात. त्याआधी चालायला गेलात तर अर्ध्यातून परतावं लागेल, तेव्हा व्यायाम नंतर किंवा दिवसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. लघवी-शौचाची घाई होत असेल तर बाथरूम जवळ असेल असा मार्ग निवडा किंवा घरातच जागच्या जागी चाला. याच काळात बरेच जण घराबाहेर पडणंच सोडतात आणि ताकद त्यात जाते. किरणोत्सर्गी कण प्रोस्टेटमध्ये बसवण्याची ब्रॅकीथेरपी झाली असेल तर सायकलबद्दल डॉक्टर सांगतील तितके आठवडे थांबा.

हॉर्मोनचे उपचार: इथे ताकदीचा व्यायाम वगळायचाच नाही

प्रोस्टेटच्या कॅन्सरला टेस्टोस्टेरॉनचं खाद्य लागतं, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आजची ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, डिगारेलिक्स ही इंजेक्शनं त्याच तत्त्वावर चालतात. पण कॅन्सरची रसद तोडताना स्नायूंची आणि हाडांचीही तुटते, कारण टेस्टोस्टेरॉन त्यांनाही लागतं. स्नायू घटतात, पोटाचा घेर वाढतो, हाडं विरळ होतात, हिमोग्लोबिन उतरतं, साखर आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. सोबत अंगातून अचानक निघणाऱ्या वाफा, चिडचिड आणि उदासी. नुकसान पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने होतं. म्हणून "इंजेक्शन सुरू होऊ दे, मग बघू" असं करू नका. पहिल्या इंजेक्शनच्या आठवड्यातच सुरुवात करा.

टेस्टोस्टेरॉन नसताना स्नायू बनतील तरी कसे, ही शंका रास्त आहे. उत्तर अभ्यासांनी दिलंय. कॅनडात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हॉर्मोन उपचार घेणारे १५५ पुरुष होते. ज्यांनी १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम केला, त्यांचा थकवा कमी झाला आणि ताकद वाढली. ऑस्ट्रेलियात २०१० च्या ५७ जणांच्या चाचणीत ताकदीचा आणि दमाचा व्यायाम एकत्र केल्यावर स्नायूंचं वस्तुमानही सुधारलं. म्हणजे इंजेक्शन चालू असतानाही शरीर वजनाला प्रतिसाद देतं.

आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, एवढं करा:

१. खुर्चीतून उठणं-बसणं. पाय खांद्यांइतके फाकलेले, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि श्वास सोडत उठा. बसताना धप्पकन बसू नका. मनात तीन मोजत खाली या. ताकद वाढते ती या सावकाश उतरण्यात. हात टेकावे लागले तर टेका, पुढच्या महिन्यात एक हात कमी करा. सोपं झालं की छातीशी वजन धरा.

२. भिंतीवर हात टेकून जोर काढणं. जमू लागलं की भिंतीऐवजी ओटा, मग बाक.

३. रबरी बँड दाराच्या कडीला नीट अडकवून कोपरं मागे ओढणं, जणू पाठीची दोन्ही पाती एकमेकींना भेटवायची आहेत. पुढे वाकलेले खांदे याने सरळ होतात.

४. एका पायरीवर चढणं-उतरणं, आधी उजवा पाय, मग डावा. कठड्याला हात लावून.

५. टाचा उचलणं.

६. दोन्ही हातांत वजन घेऊन ताठ उभं राहून चालणं.

प्रत्येक प्रकाराचे दोन सेट, एका सेटमध्ये ८ ते १५ आवर्तनं. वजन किती, तर शेवटची दोन-तीन आवर्तनं कष्टाची वाटावीत, पण ढब बिघडू नये इतकं. पंधरा आवर्तनं गप्पा मारत होत असतील तर वजन कमी पडतंय, आणि सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथेच: वर्षभर तेच अर्ध्या किलोचे डंबेल. दोन आठवडे सोपं गेलं की थोडं वाढवा. श्वास रोखून कधीच उचलू नका. बीपी चढतं आणि लघवी गळते.

हाडांसाठी थोडा धक्का लागतो: टाचांवर आपटून उतरणं, पायरीवरून जरा जोरात खाली येणं. पण हे फक्त हाडं शाबूत असतील आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तरच. तोलाचा सराव मात्र सगळ्यांनी करावा: ओट्याजवळ उभं राहून एका पायावर, किंवा एका रेषेत पावलासमोर पाऊल ठेवत. एन्झालुटामाइड आणि अपालुटामाइड या हॉर्मोन उपचारांतल्या गोळ्यांसोबत पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण वाढतं हे माहीत आहे, तेव्हा त्या घेणाऱ्यांनी तोलाचा सराव विसरू नये. अबिराटेरॉन ही त्याच उपचारांतली गोळी घेणाऱ्यांनी बीपी आणि रक्तातलं पोटॅशियम नियमित तपासावं. स्नायूंत गोळे किंवा विचित्र अशक्तपणा आला तर व्यायामाला दोष देण्याआधी रक्ततपासणी करा.

अंगातून वाफा येत असतील तर सकाळी लवकर, पंख्याखाली, सैल सुती कपड्यांत व्यायाम करा. आणि चालणं? ते हवंच: आठवड्यात एकूण १५० मिनिटं, जरा झपाझप. पण वेळ कमी असलेल्या आठवड्यात काहीतरी सोडावंच लागलं, तर माझं मत स्पष्ट आहे: चालण्याचा एक दिवस सोडा, ताकदीचा नको.

किमो घेताना

डोसेटॅक्सेल हे किमोचं औषध सहसा दर तीन आठवड्यांनी देतात. त्या चक्रात दिवस सारखे नसतात: पहिले काही दिवस मरगळीचे, मधल्या काळात पांढऱ्या पेशी खाली, तिसरा आठवडा बराच बरा. व्यायामही त्याच तालावर ठेवा. वाईट दिवसांत घरात दहा मिनिटं चाला, बऱ्या आठवड्यात ताकदीचे दिवस भरून काढा. पांढऱ्या पेशी कमी असताना गर्दीच्या जिममध्ये आणि तलावात जाऊ नका. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर गेला तर व्यायाम सोडाच, रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. तळपायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी चालू नका, आणि उघड्या रस्त्यापेक्षा भिंतीलगत चालणं किंवा जागच्या जागी असलेली व्यायामाची सायकल बरी.

हाडांत आजार पसरला असेल तर

पूर्वी अशांना झोपवूनच ठेवायचे. आता तसं नाही, पण इथे स्वतःच्या मनाने काही करू नये. तत्त्व एवढंच: ज्या हाडात गाठ आहे त्यावर थेट भार नको, बाकीच्या अंगाला काम द्या. मांडीच्या किंवा कमरेच्या हाडात असेल तर बसून हातांचे आणि छातीचे व्यायाम. मणक्यात असेल तर पुढे वाकून वजन उचलणं, कंबर पिळणं, पाठीवर पडून पोट आवळत उठून बसणं, उड्या, सगळं बंद. पाठ सरळ ठेवून बसून किंवा उभं राहून करता येईल तेच घ्या. पहिला कार्यक्रम फिजिओथेरपिस्टने डोळ्यांसमोर करून घ्यावा.

पाठीत नवीन दुखणं सुरू झालं, ते आडवं पडल्यावर किंवा खोकल्यावर वाढतंय, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतंय, पायांतली शक्ती जातेय, बसण्याच्या जागी बधिर वाटतंय, लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय, यातलं काहीही असेल तर ते व्यायामाने आखडलेलं नव्हे. मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

"आज अंगात त्राण नाही"

कॅन्सरचा थकवा झोपून जात नाही, म्हणून त्याला नेहमीच्या दमण्याचा नियम लावता येत नाही. अशा दिवसासाठी दहा मिनिटांचा करार करा: बूट घाला, दहा मिनिटं चाला, आणि तेव्हाही नको वाटलं तर बिनधास्त परत या. बहुतेकदा माणूस पुढे चालू लागतो. परत आलात तरी तो दिवस वाया गेला नाही. ताप, उलट्या-जुलाब, चक्कर, छातीत दुखणं, नाडी अनियमित वाटणं किंवा हिमोग्लोबिन फार उतरल्याचं डॉक्टरांनी सांगितलेलं असणं, या दिवशी मात्र करारही नको.

व्यायाम केल्यावर दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर ते ठीक आहे. तिसऱ्या दिवशीही उठवत नसेल तर मात्रा जास्त झाली; अर्धी करा, सोडू नका.

गळती असताना व्यायाम

कितीतरी पुरुष व्यायाम सोडतात तो दमामुळे नव्हे, पँट ओली होण्याच्या भीतीने. यावर तोडगे आहेत. निघण्याआधी लघवी करून घ्या. पुरुषांसाठी वेगळ्या आकाराचे पॅड मिळतात ते वापरा, पँट गडद रंगाची घाला आणि एक जादा पॅड खिशात ठेवा. वजनांचे व्यायाम दिवसाच्या पहिल्या भागात करा, तेव्हा तळाचे स्नायू ताजे असतात. पाणी तोडू नका. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला आणखी चिडवते. कॉफी-चहा मात्र व्यायामाआधी कमी केलेला बरा. ज्या हालचालीत हमखास गळतं ती काही आठवडे हलकी करा: वजन अर्धं, श्वास सोडत, आधी आवळून. सहा महिने नियमित करूनही पॅडची संख्या कमी होत नसेल तर युरॉलॉजिस्टना सांगा. पुढचे उपाय आहेत, आणि "वय झालं" हे त्याचं उत्तर नव्हे.

उपचार संपल्यावर

शेवटचं इंजेक्शन झालं म्हणजे टेस्टोस्टेरॉन लगेच परत येतं असं नाही. काही महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त, आणि काही वयस्कर पुरुषांत ते पूर्ण परततच नाही. तेव्हा ताकदीचे दिवस चालूच ठेवा. डेक्सा स्कॅन पुन्हा कधी करायचा ते विचारून घ्या.

व्यायामाने कॅन्सर परत येत नाही का? अमेरिकेत २,७०५ रुग्णांचा पाठपुरावा करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला तीन तास किंवा अधिक जोमदार व्यायाम करणाऱ्यांमध्ये, एक तासापेक्षा कमी करणाऱ्यांच्या तुलनेत, प्रोस्टेट कॅन्सरने होणारे मृत्यू ६१ टक्के कमी दिसले. आकडा मोठा आहे, पण हा निरीक्षणाचा अभ्यास. जे मुळात ठणठणीत होते तेच जास्त व्यायाम करत असणार, हा भाग त्यात येतोच. म्हणून त्याकडे हमी म्हणून बघू नका, आणि व्यायाम करतोय म्हणून एकही तपासणी चुकवू नका.

तपासणीबद्दल एक शेवटची सूचना. प्रोस्टेट काढलेली नसेल, म्हणजे रेडिएशन झालं असेल किंवा नुसतं लक्ष ठेवणं चालू असेल, तर पीएसएच्या (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाच्या) रक्ततपासणीआधीचे ४८ तास सायकल, जोमदार व्यायाम आणि वीर्यपतन टाळा. या गोष्टींनी पीएसए तात्पुरता वाढू शकतो आणि रिपोर्ट हातात आल्यावर विनाकारण घबराट होते. साधं चालणं त्या दोन दिवसांतही चालतं.